ताईसाठी झाडलेला काटा

थोरलीला वजनात फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं सगळी वस्ती म्हणायची. आणि थोरलीलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला? घरात जावा दोन, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. शेजारपाजारही तसंच म्हणायला लागला आणि खरी नावं मागे पडली. दोघींचा धंदा एकच, भंगार. सकाळी गोण्या घेऊन निघायचं, पत्रा, लोखंड, तार, जे सापडेल ते निवडायचं आणि दुपारी काट्यावर घालायचं. थोरलीचा नवरा पाठ धरून घरी बसलेला, धाकटीचा नवरा कामासाठी कुठेतरी लांब. चूल एक होती आणि ती या दोघींच्या हातावर चालत होती.

वजनाच्या बाबतीत थोरलीचं तोंड दुधाने पोळलेलं होतं. एक भंगारवाला मोजताना काट्याला हळूच गुडघा लावायचा. दुसऱ्याची सुई कधी शून्यावर यायचीच नाही. तिसरा रिकाम्या गोणीचं वजन दोनदा वजा करायचा आणि वर हिलाच विचारायचा, हिशेब येतो का म्हणून. ही घरी येऊन चरफडायची. पण नुसत्या चरफडण्याने कुणाचं काय बिघडतं?

मग एकदा एका बंद पडलेल्या किराणा दुकानातलं सामान तिने उचललं. त्यात पाच किलोचं लोखंडी वजन होतं, बुडाला सरकारी शिक्का असलेलं. भंगारात आलेली ही एकच वस्तू तिने भंगारात दिली नाही. फडक्यात गुंडाळून ती रोज बरोबर न्यायची आणि मालाच्या आधी काट्यावर ठेवायची. सुई पाचावर आली तर माल, नाहीतर रामराम. दोघातिघांनी तिला हाकलून दिलं. एक तर म्हणाला, बाई, एवढा संशय असेल तर स्वतःचंच दुकान काढा.

नाल्यापलीकडच्या मोठ्या आवाराचा शेठ मात्र वेगळा निघाला. अंगाने भरलेला, बोलायला मऊ, चष्मा कायम कपाळावर. हिने फडकं सोडून वजन काढलं तेव्हा तो रागावला नाही, उलट हसला. सुई बरोबर पाचावर उभी राहिली. तो म्हणाला, "ताई, रोज आणत जा. माझाही काटा तपासून होईल." त्या दिवसापासून तो भाऊ झाला.

आणि भाऊ कसा म्हणता! ही फाटकातून दिसली रे दिसली की तो स्वतः खुर्चीवरून उठायचा. हाताखाली माणसं असताना स्वतः खराटा घ्यायचा आणि काटा झाडायचा, वरून, कडेने, अगदी खालूनसुद्धा. रांगेतल्या बायकांना सांगायचा, थांबा जरा, ताईचा माल आधी. थोरली वजन ठेवायची, सुई पाचावर यायची, माल मोजून व्हायचा, पैसे हातात पडायचे, आणि ही ताठ मानेने बाहेर. रात्री धाकटीला ती हे सगळं परत परत सांगायची. जन्मात आपल्यासाठी कुणी खुर्चीवरून उठलं होतं का गं, असं ती विचारायची. धाकटी भाकरी थापता थापता नुसती हसायची. आता मानाची भूक कुणाला नसते? पोटाच्या भुकेपेक्षा ती वाईट, कारण तिला पुरे म्हणणं माहीत नाही.

थोरलीने वस्तीभर सांगितलं. बाटलीवाली तिच्या शब्दावर जुना भंगारवाला सोडून इथे आली. डबेवाल्या मायलेकी आल्या. दोरीला लोहचुंबक बांधून खिळे वेचत फिरणारा म्हातारासुद्धा आला. कुणी विचारलंच, काटा सरळ आहे का, तर उत्तर ठरलेलं होतं, थोरलीने तपासलाय. तिचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. स्वतःचं वजन मग कोण कशाला बाळगेल?

थोरलीच्या मनात एक हातगाडी होती. रबरी चाकांची, जुनी का असेना. डोक्यावरची गोणी एकदा कायमची खाली ठेवायची होती तिला. त्यासाठी ती तांब्याची तार वेगळी साठवत होती. वायरीचं प्लास्टिक सोलून, तार गुंडाळून, पलंगाखाली. एके दिवशी तिने काठीच्या मधोमध दोरी बांधली, एका टोकाला तांबं आणि दुसऱ्या टोकाला ते वजन लटकवलं. धाकटीने दोरी धरली. काठी सरळ झाली. बरोबर पाच किलो. दोघी जावा पोरींसारख्या हसल्या.

आणि नेमका तेव्हाच थोरलीचा पाय गटाराच्या फुटक्या झाकणात मुरगळला. घोटा भोपळ्याएवढा सुजला. जुनी हातगाडी विकणारा तर थांबायला तयार नव्हता. शेवटी धाकटी म्हणाली, तांबं मी घालून येते. निघताना तिने फडक्यातलं वजन उचललं, तर थोरलीनेच तिला अडवलं. भावाचा काटा आहे, तिथे कशाला उगाच लोखंड वाहतेस, म्हणाली. हे तिचेच शब्द. पुढे ते तिला झोपू देत नव्हते.

धाकटी परत आली ती कमी पैसे घेऊन. तांबं पाचाला बरंच कमी भरलं होतं. थोरलीने पुन्हा पुन्हा विचारलं, वाटेत कुठे ठेवलं होतंस? कुणाला दाखवलंस? धाकटी म्हणाली, काट्यावर जे दिसलं त्याचेच पैसे आणलेत. झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. थोरलीने दारात उभं राहून, अर्धी वस्ती ऐकेल अशा आवाजात सांगितलं, "काटा खोटं बोलत नाही. माणूस बोलतं. खाल्ल्या घरात चोरी केलीस तू."

धाकटी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. तिने आपलं अंथरूण, आपली दोन भांडी आणि आपली गोणी उचलली आणि पलीकडच्या गल्लीत बाटलीवालीच्या पडवीत राहायला गेली. लग्न होऊन आली तेव्हा थोरलीनेच तिला तार सोलायला शिकवली होती. आता एका घराच्या दोन चुली झाल्या. थोरली पाय उशीवर ठेवून पडून राहायची आणि मनाशी म्हणायची, दारचा माणूस सचोटीचा निघाला आणि घरचं माणूस उलटलं. नवरा काही म्हणायला गेला तर त्यालाही गप्प बसवायची.

पाय जरा टेकता यायला लागला तशी ती काठी घेऊन आवारात गेली. रोजच्यापेक्षा उशीर झाला होता. काट्यापुढे रांग होती आणि रांगेत, दोन माणसं सोडून, धाकटीही होती. थोरलीने मान फिरवली. उभं राहवेना म्हणून बाजूला डब्यांच्या ढिगापाशी एक डबा पालथा घालून ती बसली. शेठचं अजून तिच्याकडे लक्ष नव्हतं. बाटलीवालीचा पत्रा काट्यावर चढला. शेठ खुर्चीतून हलला नाही. त्याने बसल्या जागी सुई वाचली, आकडा सांगितला, माल उतरला. मग डबेवालीचा. खराटा भिंतीला टेकलेला तसाच.

थोरलीला आधी बरंच वाटलं. बघा, म्हणजे झाडतो तो फक्त माझ्यासाठी.

तेवढ्यात शेठने तिला पाहिलं. "अरे, ताई! पाय कसा आहे?" म्हणत तो उठला, खराटा घेतला आणि काट्यापाशी वाकला. आजवर ती त्याच्या पाठीमागे उभी असायची, तिला त्याची पाठ तेवढी दिसायची. आज ती बुटक्या डब्यावर बसली होती आणि तिचे डोळे काट्याच्या लोखंडी पाटाच्या बरोबरीला होते. खराटा पाटाच्या मागच्या कोपऱ्याखाली गेला. आत काहीतरी अडलं. शेठने मनगटाला जरा हिसका दिला आणि खालून लाकडाची एक चपटी पाचर निघाली, धुळीबरोबर घसरत भिंतीकडे गेली. मालाचा भार थोडा त्या पाचरीवर जायचा. तो सुईपर्यंत पोचायचाच नाही.

मघाशी जे बरं वाटलं होतं, त्याचीच थोरलीला आता शिसारी आली.

"ठेवा ताई वजन," शेठ म्हणाला.

तिने ठेवलं. सुई पाचावर उभी राहिली. मग ती लंगडत भिंतीपाशी गेली, काठीच्या टोकाने ती पाचर ओढत आणली आणि पुन्हा त्याच कोपऱ्याखाली सरकवली. वजन उचलून तिने परत ठेवलं. सुई निघाली आणि पाचाच्या अलीकडेच थांबली. रांग पुढे सरकून बघायला लागली.

शेठने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, जणू हिला पहिल्यांदाच बघतोय. आवाज मात्र तसाच मऊ. "ताई, तुमचं कधी कमी भरलंय का? एकदा तरी? मग? बाकीच्यांचं तुम्हाला काय करायचंय?"

केसाने गळा कापला होता आणि वर हा हिशेब मागत होता. थोरलीने वळून बायकांकडे पाहिलं, आता तरी त्या याच्या अंगावर धावून जातील म्हणून. त्या हिच्याकडे बघत होत्या.

बाटलीवाली म्हणाली, "तुझ्यासाठी रोज झाडत होता तो. आणि तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं गं, थोरली म्हणाली, देवाची शपथ, नव्हतं. पण ते तिचं तिलाच खोटं वाटलं. वजनात जिला कुणी फसवू शकत नाही, तिला हे कळलं नाही, यावर विश्वास कोण ठेवणार? डबेवालीच्या लेकीने जमिनीवर थुंकून विचारलं, तुझा वाटा किती होता? चुंबकवाला म्हातारा आपली दोरी गुंडाळत राहिला. आजवर कमावलेला एकेक शब्द तिच्या डोळ्यांदेखत उलटा फिरला होता.

तेव्हा धाकटी बोलली. जागेवरून न हलता, थोरलीकडे न बघता.

"तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिने मला चोर म्हटलं नसतं."

एवढ्या माणसांत थोरलीच्या बाजूने सांगायला तेवढी एकच गोष्ट होती आणि ती धाकटीपाशी होती.

थोरलीने तिच्याकडे हात केला, जाऊ म्हणून, बहीण म्हणून, कोण म्हणून ते तिलाही कळलं नाही. धाकटीने आपली गोणी डोक्यावर घेतली. जाताना ती थोरलीसमोर क्षणभर थांबली, काट्यावरचं पाच किलोचं वजन उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं.

"हे घरी ठेव. उगाच लोखंड कशाला वाहतेस," ती म्हणाली, आणि बाटलीवालीच्या मागोमाग फाटकातून बाहेर पडली.