मी गप्प बसले आणि गल्ली घाबरली

आमच्या घरात जे भूत शिरलं ते शाळेच्या पालकसभेतून आलं, आणि सही करून त्याला घरी मीच आणलं.

सुरतेत नवागामला आमची माळ्यावरची खोली आहे आणि खोलीखाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. दिवसभर खटाखट, खटाखट! मिसळणाच्या डब्यातला चमचा आमच्याकडे आपोआप नाचतो. अशा घरात साधं 'पाणी दे' म्हणायचं तरी बोंबलावं लागतं. त्यात देवानं मला आवाज दिला तोही सढळ हातानं. मी माझ्या लेकीला, भूमीला, जेवायला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली पोरं हात धुऊन ताटावर बसतात. (त्यांच्या आया मला दुवा देतात.)

मला या आवाजाचा अभिमान होता. मग एक दिवस शाळेत बाईंनी 'माझी आई' असं चित्र काढायला सांगितलं. बाकीच्या पोरांनी साडी, टिकली, पोळपाट असं काय काय काढलं. आमच्या भूमीनं नुसतं एक तोंड काढलं. उघडं! आत सगळे दात, पडजीभसुद्धा. चेहऱ्याला कागदावर जागाच उरली नव्हती.

बाईंसमोर मी हसले. घरी येताना मात्र हसू आलं नाही. कारण पूर्वी ही पोरगी शाळेतून आली की दप्तर काढायच्या आधी सगळं सांगायची. आता विचारलं की एकच उत्तर, "काही नाही." घरी आल्या आल्या दुष्काळातून आल्यासारखी जेवायची, मध्येच ताटाकडे बघत बसायची, आणि "काय झालं गं?" म्हटलं की "काही नाही." जितक्या जोरात मी विचारायची तितकं ते 'काही नाही' बारीक व्हायचं. दुसरीतल्या लेकरानं आईला 'काही नाही' म्हणावं, याचं मला फार लागलं.

म्हणूनच पालकसभेत कॉलेजच्या एक मॅडम आल्या तेव्हा मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्यांचं संशोधन चाललं होतं. मुलांना राग, भीती आवरता यावी म्हणून आईबापांनी काय करायचं, आणि त्याआधी आईबापांनी स्वतःला कसं आवरायचं! काही आयांना आत्ता शिकवणार होते, काहींना नंतर, म्हणजे दोघींतला फरक बघता येतो म्हणे. आम्ही सह्या केल्या, मग चिठ्ठ्या टाकल्या. मी आत्ताच्या गटात गेले. आमच्या समोरच्या खोलीतली उषा, बुलढाण्याकडची, ती नंतरच्या गटात.

"म्हंजे मी तवर बोंबलतच राहू का?" उषानं विचारलं.

"तुम्ही नेहमीसारखंच वागा," मॅडम म्हणाल्या.

उषानं ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवसापासून ती नेहमीपेक्षा जास्त नेहमीसारखी वागायला लागली.

मॅडमचा धडा तसा सोपा होता. राग आला की आधी थांबा. लांब श्वास घ्या, सावकाश सोडा. मग मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला या आणि त्याला आत काय वाटत असेल ते हळू आवाजात सांगा. सरावासाठी त्यांनी आपल्या आवाजात रेकॉर्ड करून फोनवर पाठवलं होतं. पण खाली लूम! ऐकू काय येणार, कप्पाळ! मी आपला फोन स्टीलच्या मोठ्या पातेल्यात ठेवला. पातेल्यात आवाज कसा घुमतो, माहीत आहे ना? आणि मी गच्चीवर कपडे काढायला गेले.

इकडे सासूबाई पाणी प्यायला स्वयंपाकाच्या ओट्याशी आल्या. नेमकी खालच्या कारखान्याची लाइट गेली. लूम थांबले. त्या शांततेत झाकण ठेवलेल्या पातेल्यातून एका परक्या बाईचा खोल आवाज आला, "आत बघा... आत काय दडलंय ते बघा... घाई करू नका... मी इथंच आहे..."

मी खाली आले तेव्हा सासूबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. "पातेलामा कोनी बाई शे!"

"अहो आई, त्या मॅडम आहेत."

"पातेलामा?"

मी लांब श्वास घेतला. (इथं माझं चुकलं.)

पुढचा प्रकार कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी झाला. सुट्टीच्या दिवशी लूम बंद असतात आणि नवागाममध्ये कसंतरीच होतं. कानात नुसतं सूं सूं वाजतं. कुणी जिना चढलं की ते आपल्याच मागे उभं आहे असं वाटतं. तिन्हीसांजेची वेळ होती. मी साडीवर गमनं खडे चिकटवत होते. घरबसल्या मी हेच काम करते. भूमी पळत आली, आणि तिचा पाय लागून गमचा डबा सगळाच्या सगळा त्या साडीवर!

एरवी मी काय केलं असतं ते उधना स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असतं. पण मी थांबले. भूमी तोपर्यंत सवयीनं पलंगाखाली शिरली होती. म्हणून मी तिच्या उंचीला आले. म्हणजे गुडघ्यांवर. आणि गुडघ्यांवरच सरकत सरकत पलंगाकडे निघाले. नुकतंच डोकं धुतलं होतं, त्यामुळे केस मोकळे. श्वास असा सोडत होते, "हूऽऽऽ... हूऽऽऽ..." पलंगाखाली अंधार. मी वाकून आत डोकं घातलं, न हसता, न रागावता, अगदी हळू आवाजात म्हटलं, "भूमी... मला दिसतंय... तुला भीती वाटतेय..."

भूमी जी किंचाळली! ती पलंगाच्या पलीकडून निघाली ती थेट उषाच्या घरात. मी तशीच डोकं आत घालून राहिले. अंधारात माझाच श्वास मला ऐकू येत होता, आणि खरं सांगते, तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

त्या रात्री भूमी आजीला चिकटून झोपली. मी मात्र हट्टाला पेटले. मॅडम म्हणाल्या होत्या, सराव करा. मग मी ज्याच्या त्याच्यावर सराव सुरू केला. भाजीवाला भैया वजनात नेहमी हात मारतो. मी भांडले नाही. त्याच्या डोळ्यांत बघितलं, लांब श्वास सोडला आणि म्हटलं, "भैया, आप को अंदर से डर लग रहा है." तो पांढराफटक! मूठभर मिरच्या जास्तीच्या टाकल्या आणि गाडी ढकलत निघाला. त्यानंतर तो आमच्या गल्लीत फिरकलेला नाही.

मग उषा आली. "काहून व, तुले बरं नाही का?" म्हणाली. मी तिचा हात हातात घेतला. "उषा, तुला वाईट वाटतंय. माझी चिठ्ठी निघाली, तुझी नाही निघाली."

उषानं झटकन हात काढून घेतला. "तुले कसं कळलं?"

सासूबाईंनाही म्हटलं, "आई, गावाकडच्या मुलीचा फोन आला नाही म्हणून तुम्हाला आज करमत नाहीये." त्यांच्या हातातली वाटी खाली पडली.

आता आमच्या खानदेशातल्या माणसाला यापुढे काही समजवावं लागत नाही. बाई एकाएकी गप्प होते, केस मोकळे सोडते, मोठे मोठे श्वास टाकते आणि समोरच्याच्या मनातलं सांगते! एक तर तिच्या अंगात देवी आलेली असते, नाहीतर बाहेरचं लागलेलं असतं. तिसरं काही नसतं. गल्लीत सरळ दोन तट पडले. देवीवाल्या बायका दुपारी नारळ घेऊन जिन्यात बसायला लागल्या. "माझ्या नणंदेच्या मनात काय आहे तेवढं सांग ना माय!" भूतवाल्या बायका आमचा दरवाजा चुकवून, पदर दातात धरून जायच्या. मी समोरून आले की अख्खी गल्ली गप्प व्हायची. पोरं खेळ थांबवून भिंतीला लागायची. नळावरची भांडणंसुद्धा मिटली. इतकी शांतता मी नवागामात कधी ऐकली नव्हती. मलाच तिची भीती वाटायला लागली.

भूमीच्या पप्पांनी एकदाच विषय काढला. जेवताना म्हणाले, "कारखान्यात चालू मशीन अचानक गप्प झालं की आम्ही आधी धावत जाऊन बघतो, कुणाचा हात अडकला. तुझं काय अडकलंय गं?"

"काही नाही," मी म्हटलं. मग लक्षात आलं की हे कुणाचं उत्तर आहे.

शेवटी सासूबाईंनीच मनावर घेतलं. मंगळवारी संध्याकाळी खालची लाइट गेली, लूम थांबले, आणि त्यांनी मला खोलीच्या मधोमध बसवलं. लोखंडी पाटीत निखारे, निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या, मीठ, मोहरी आणि कडुनिंबाचा पाला. खोलीत धूर कोंडला. दारात दोन्ही तटांच्या बायका. उषा सगळ्यांत पुढे. (संशोधन अर्धवट सुटलं असेल तर आपला नंबर लागेल, असा तिचा हिशेब असावा.)

"हाई मनी सून नही शे," सासूबाईंनी जाहीर केलं आणि निंबाची डहाळी माझ्या डोक्यावरून फिरवली. "बोल! कोन शे तू? कथाईन उनी?"

राग तर असा आला होता! पण मी थांबले. श्वास घेतला. आत गेला तो सगळा मिरच्यांचा धूर. डोळ्यांतून पाणी, घशातून घरघर. "हूऽऽऽ... घ्रूऽऽऽ..." बायका एकदम मागे सरकल्या. कुणीतरी "आई गं" म्हणालं. मी तरी हळू आवाजात म्हटलं, "आई... तुम्हाला माझी काळजी वाटतेय..."

"आवाज ऐका! आवाज तिचा नाही!" उषा ओरडली.

आणि त्याच वेळी, बायकांना बाजूला करत, कॉलेजच्या मॅडम दारात उभ्या राहिल्या. घरभेटीचा दिवस! मी साफ विसरले होते. त्यांनी निखारे बघितले, नारळ बघितले, माझे केस बघितले. पण बाई शिकलेली. न डगमगता माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, माझ्या डोळ्यांच्या उंचीला आली आणि तिनं लांब श्वास घेतला. "हूऽऽऽ..."

"अजून एक आली!" मागून आवाज आला आणि जिन्यात पळापळ झाली.

"तुम्हाला आत्ता आत काय वाटतंय?" मॅडमनी खोकत खोकत विचारलं.

"तेच तं इचारी ऱ्हायनू मी कव्हाना!" सासूबाई म्हणाल्या.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. एक विचारतेय कोण आहेस, दुसरी विचारतेय काय वाटतंय. क्षणभर वाटलं, खरंच आत दुसरी कुणी बसली असली तर? आपल्याला कळणार तरी कसं?

तेवढ्यात धुरातून भूमी पुढे आली. पाठीवर दप्तर, पायात चपला. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि मला म्हणाली, "माझी मम्मी कुठंय? तिला परत दे ना. मी गम सांडणार नाही कधी."

ते ऐकलं आणि माझं सगळं शिक्षण धुरासारखं उडालं.

"भूमेऽऽऽ! अगं भवाने, मीच तुझी मम्मी आहे! आणि चपला घालून घरात आलीस? फरशी आत्ता पुसलीय ना मी!"

खिडकीची काच थरारली. खालच्या कारखान्यातून कुणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. सासूबाईंच्या हातातली डहाळी गळून पडली. "उनी! मनी सून उनी!" सून परत आली म्हणून त्या रडायलाच लागल्या. आणि भूमी चपलांसकट माझ्या गळ्यात पडली. अशी चिकटली की सुटेना. कानाशी तोंड आणून रडत रडत सगळं सांगितलं. वर्गातली एक मुलगी रोज हिचा डबा खायची. दिला नाही तर चिमटे काढायची. घरी सांगितलं तर मम्मी शाळेत येऊन ओरडेल, मग सगळे हसतील, म्हणून ती उपाशी राहायची, पण बोलायची नाही. किती दिवस हे पोटात ठेवलं असेल लेकरानं! त्या पोरीच्या घरी जायला मी उठतच होते. पण भूमीनं मला घट्ट धरलं होतं, म्हणून बसून राहिले. तिला माझ्याच आवाजात म्हटलं, "रोज भीती वाटायची ना गं तुला?" तिनं मान हलवली आणि मग आम्ही दोघी रडलो. मॅडमही रडत होत्या. (त्यांचं मिरचीमुळे असेल.)

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. ओरडले नाही. बाईंशी बोलले, आणि भूमी डबा खाऊन घरी यायला लागली.

मॅडमनी मला वेगळं बसवून समजावलं, "शांत व्हायचं म्हणजे दुसरी बाई व्हायचं नाही. आवाज तुमचाच राहू द्या." एवढी परवानगी मला पुरेशी होती. आता मी राग आला की थांबते, श्वास घेते, आणि मग गच्चीवरून विचारते, "भूमेऽऽऽ, तुला आत्ता वाईट वाटतंय का गंऽऽऽ?" पोरीच्या मनात काय चाललंय ते रोज अख्ख्या नवागामला कळतं. पण ती खालून उत्तर देते.

शेवटच्या भेटीला मॅडमनी भूमीला मांडीवर घेऊन विचारलं, "मम्मी ओरडते तेव्हा कसं वाटतं?"

"भीती वाटते."

"आणि ती हळू आवाजात शांतपणे बोलायची, तेव्हा?"

"तेव्हा जास्त भीती वाटायची."

"मग दोघींतली कुठली मम्मी हवी तुला?"

मी श्वास रोखून बसले होते.

"ओरडणारी," ती म्हणाली. "ती ओळखीची आहे."

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यांच्या संशोधनाचा निकाल अजून लागायचाय. माझा तिथंच लागला: माझ्या लेकीपुढे दोन हडळी उभ्या होत्या, आणि तिनं त्यातली ओळखीची निवडली!