आईच्या हातची हळद

त्या दुष्काळी उन्हाळ्यात कन्नडजवळच्या आमच्या गावी बहिणीचं लग्न होतं. आईच्या हातांवर कोडाचे पांढरे डाग. त्यामुळे सख्ख्या लेकीला हळद लावायलाही ती पुढं येईना. मी तेव्हा शहरातल्या प्रयोगशाळेत त्वचारोगांवरचं काम शिकत होतो. अडखळतच आत्याला म्हणालो, "हे कुणाला लागत नाय. आपल्याच अंगातल्या राखणदार पेशी रंगाच्या पेशींवर धावून जातात."

"म्हंजे आपल्याच कुत्र्यानं आपलं मेंढरू धरलं?"

"व्हय, तसंच."

"मग मेंढराला कशाला कोंडायचं? ये गं वहिनी, लाव हळद."

आईनं पदराखालून हात काढले. हात धुवायला पाणी नव्हतं; टँकर संध्याकाळी आला. तोवर मायलेकी पिवळ्याधमक हातांनी मांडवात हसत बसल्या होत्या.