आईचा तांब्या

फेरयालचा अर्धा जन्म पाण्यासमोर गेला, पण पाण्यात जायची तिला बंदी. सीदे गावाच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या रिसॉर्टची ती जीवरक्षक. डोक्यावर लाल टोपी, गळ्यात शिट्टी आणि दिवसभर लाकडी मनोऱ्यावर मुक्काम. कोणी बुडत असेल तरच पाण्यात उडी मारायची. एरवी पाय जरी ओला झाला तरी साहेबांचं तोंड सुरू. समोर जर्मन आजोबा बनाना बोटीवरून धपाधप पडायचे, पॅराशूटला लटकलेल्या पोरी किंचाळत वर जायच्या, आणि शाळेत असताना पोहण्यात अख्ख्या अंताल्या जिल्ह्यात कोणाला पुढे जाऊ न देणारी ही बाई उन्हात वाळत बसायची. कधीकधी तिला वाटायचं, बुडावं कोणीतरी. मग स्वतःचीच लाज वाटायची.

दूरच्या इझमिर शहरातल्या पोहण्याच्या क्लबातून तिचे जुने गुरुजी दरवर्षी बोलवायचे. मुलांना शिकव, हवं तेवढं पाण्यात राहा म्हणायचे. दोनदा ती निघालीही. दोन्ही वेळा तिची आई हाजेर दारात तांब्या घेऊन उभी. निघालेल्या माणसाच्या पाठीमागे पाणी ओतायचं, म्हणजे तो पाण्यासारखा सुरळीत जातो आणि पाण्यासारखाच परत येतो, ही तिथली रीत. पहिल्यांदा आई न्हाणीघरात पडली म्हणून फेरयाल परतली. दुसऱ्यांदा वडिलांच्या मयतीला आली ती राहिलीच. तेव्हापासून तिने सगळं खापर त्या तांब्यावर फोडलं.

यंदा तिने आईला पत्ताच लागू दिला नाही. बॅग आदल्या दिवशीच बोटवाल्या साब्रीकडे ठेवली आणि सकाळी लाल टोपी घालून, कामावर निघाल्याचं सोंग करून, थेट बसस्थानक गाठलं. साब्री बॅग घेऊन आला, पण एकटा नाही. त्याच्या मोटारसायकलवर मागे हाजेर बसली होती, तांब्याच्या तोंडावर हात दाबून.

"तुझ्या पोटात काही राहतं का रे?" फेरयाल त्याच्यावर उखडली.

"बॅग बघून काकूंनी विचारलं," साब्री म्हणाला. "त्यांच्यासमोर तू खोटं बोलून दाखव, मग मला बोल. तूसुद्धा टोपी घालूनच पळालीस ना?"

बस लागली. फेरयाल पायरीवर उभी राहिली, पण नजर तांब्यावरच.

"आई, ओतू नकोस."

"नाही ओतत," हाजेर म्हणाली. "तुला नको ना? मग जा पोरी. माझ्यासाठी फिरून येऊ नकोस."

आणि तिने तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी पिऊन टाकलं आणि डोक्याच्या रुमालाने तोंड पुसलं.

फेरयालला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. बस निघाली तशी ती मागच्या काचेतून बघत राहिली. रस्ता कोरडा ठणठणीत होता. परत यायला कोणी सांगितलेलं नाही, या विचाराने तिला असं एकटं वाटलं की गाव संपायच्या आत तिने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

दुपारी ती मनोऱ्यावर होती. उशिराबद्दल साहेबांनी झापलं, ते तिने मुकाट ऐकून घेतलं. खालून बोट ढकलताना साब्रीने मान वर केली.

"काय गं, काकूंनी तर पाणी ओतलं नव्हतं ना?"

फेरयालने शिट्टी दातांत धरली आणि पाण्याकडे बघत बसली. आता खापर फोडायला तांब्याही उरला नव्हता.