खाणं न्हवं, आवरणं

आक्कांना बसून जेवताना आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ. खानावळ म्हणजे घराची पुढची खोली, तिथं आम्ही कारखान्यातले दहा-बारा जण दोन्ही वेळेला जमिनीवर पंगत मांडून बसायचो. आक्का मात्र कायम उभ्या. कमरेवर भाकरीची दुरडी, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर आणि नजर प्रत्येकाच्या ताटात. भाकरी संपत आली की दुसरी येऊन पडायची. ताटावर आडवा हात धरला तर हातावर पडायची. "पोट भरल्यालं माझ्या डोळ्याला दिसाय पायजे, तुझ्या न्हाई," हे त्यांचं तत्त्व, आणि त्यावर अपील नव्हतं.

मी तासगावचा, सांगलीकडचा. फिटर म्हणून इथं लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी दोन भाकऱ्या सांगून चार खाल्ल्या आणि बुटाची लेस बांधायला वाकता येईना. आक्का दारात उभ्या राहून समाधानानं बघत होत्या. "सांगलीचा दिसतोयस, पर खायाला कच्चा हायस. हुशील तयार," म्हणाल्या. झालोही.

आक्कांना साखर होती. "मला साखर हाय," असं त्या एखादा लांबचा पाहुणा मुक्कामाला असल्यासारखं सांगायच्या. गोळ्या मिसळणाच्या डब्याशेजारीच असत, आठवण झाली की घ्यायच्या. मग एकदा पायाला चुलीचं लाकूड लागलं आणि ती जखम भरेचना. त्यांच्या आईचा पाय ह्याच दुखण्यात गुडघ्यातून गेला होता. मुलगा विक्रम लष्करात, तो नेमका सुट्टीवर आलेला. त्यानं त्यांना गाडीवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. भात बंद, चपाती-भाकरी बंद, साखर-गूळ बंद. पालेभाजी, उसळ, अंडी, ताक भरपूर.

आयुष्यभर कुणाचं न ऐकलेली बाई, पण हे तिनं व्रतासारखं धरलं. जखम भरली. हळूहळू गालफडं बसली, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. आमच्याकडे माणूस वाळला की तो आजारीच, दुसरा अर्थ निघतच नाही. गल्लीतल्या बायका शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला यायला लागल्या. एकीनं तर डोळ्याला पदर लावला. आक्का भडकल्या, "आवं, मराय न्हाई, जगाय वाळलीया मी!" आणि बिस्किटं तिच्याच पोरांना परत दिली.

डॉक्टरांनी एक गोळी कमी केली त्या दिवशी आक्कांनी आम्हाला कंदी पेढे वाटले. साखर उतरली म्हणून पेढे वाटणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. डॉक्टर म्हणाले होते, आता आणखी उतरवू नका, आहे तेवढं राखा; दोन्ही वेळेला एकेक लहान भाकरी चालेल. आक्कांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं. "गड काय, कुणीबी चढतंय रं. पर वर ऱ्हायाचं तर गडावर पाणी पायजे."

पुढचे काही महिने बरे गेले आणि मग काटा परत सरकायला लागला. प्रत्येक तपासणीला थोडं वजन जास्त, थोडी साखर जास्त. डॉक्टर विचारायचे, काय खाता? आक्का शपथेवर सांगायच्या, "दोन टायमाला एकेक भाकरी, भाजी, ताक. बाकी वारा!" आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, हे आम्ही सगळे छातीठोकपणे सांगायला तयार होतो.

विक्रमला हे फोनवर कळलं. तो मोजकंच बोलतो, पण बोललेलं करतो. म्हणाला, "आये, दिवाळीला येतोय. वजन चढल्यालं दिसलं तर मेस बंद. तू माझ्यासंगं क्वार्टरला चल." फोन ठेवून आक्का भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नवरा गेल्यावर ह्याच खोलीत त्यांनी पहिली पंगत वाढली होती. "तितं ऱ्हाऊन मी काय करू? कुणाला वाढू रं?" एवढंच म्हणाल्या. त्यांना इतकं बारीक तोंड केलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

एका रविवारी जेवून बाहेर पडलो आणि गाडीची किल्ली आत राहिली म्हणून परत फिरलो. आक्का स्वयंपाकघरात पंगतीची उष्टी ताटं उचलत होत्या. कुणाच्या ताटात चतकोर भाकरी, कुणाच्या भाताचा मुटका, कुणाची बटाट्याची भाजी. माझ्या ताटात शिरा, तोही आग्रहानं वाढलेला आणि न संपलेला. आक्का एकेक ताट हातात घ्यायच्या, त्यातलं सगळं गोळा करून तोंडात टाकायच्या आणि ताट घंगाळात सोडायच्या. माझा शिराही माझ्या डोळ्यांदेखत गेला.

"आक्का, हे काय?"

"काय?"

"तुम्ही खाताय!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी खाऊन आलोय. "खातीया कुठं? आवरतीया. खाणं न्हवं रं ह्ये, आवरणं हाय."

"पण पोटातच जातंय ना?"

"मग काय गटारीत टाकू? अन्न हाय त्ये. आन् लेकराचं उष्टं आईला चालतंय."

मी हसत हसत तिथंच पाटावर बसलो. हसू आवरलं तेव्हा सगळा घोळ ध्यानात आला. आक्का आम्हाला जबरदस्तीनं वाढणार, आम्ही टाकणार आणि ते फिरून आक्कांच्याच पोटात जाणार. डॉक्टर जेवणाचं विचारत होते. आवरण्याचं त्यांनी कशाला विचारावं? मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या घंगाळातल्या ताटांकडे बघत बसल्या. "आगं बया! म्हंजे शिऱ्याची साखर बी माझ्यातच?" मग स्वतःच हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांनी ठरवलं. मागू तेवढंच वाढायचं आणि ताट चाटूनपुसून रिकामं करायचं. आणि आक्कांनी आमच्याबरोबर, पहिल्याच पंगतीत बसायचं, कारण पोट भरलेलं असलं की आवरायला हात जात नाही. पहिलं त्यांनी कसंबसं मानलं. दुसऱ्याला उसळल्या, "बाप्यामाणसं उपाशी आन् मी आदी गिळू? माझी सासू सपनात यील!"

रहिमतपूरचा सुरेश आमच्यात सगळ्यात खादाड. त्यानं आपलं ताट पालथं घातलं. मग आम्ही सगळ्यांनी घातली. समोर वांग्याचं भरीत, ठेचा, ज्वारीच्या भाकऱ्या, आणि कुणीही हात लावेना. कामावरून आलेली, भुकेजलेली पोरं उपाशी बसलेली बघणं आक्कांच्या ताकदीबाहेरचं होतं. "मेल्यांनो, बसती!" म्हणत त्या बसल्या, पण भिंतीकडे तोंड करून. लाजच वाटत होती त्यांना. त्या जेवणात काही ना काही आणायला चारदा उठल्या आणि चारही वेळा सुरेशनं त्यांना खाली बसवलं.

तोंड पंगतीकडे वळायला काही दिवस गेले. त्याहून अवघड होतं ते 'बास' ऐकणं. कुणी बास म्हटलं की भाकरी धरलेला हात हवेतच थांबायचा आणि चेहरा पडायचा. तरी त्या सावरायच्या. पातेल्यात उरलंसुरलं शेजारच्या म्हशीकडे जायला लागलं. "आता वजन तिचं वाढू दे. तिला काय डॉक्टर इचारत न्हाई," असं म्हणायच्या.

दिवाळीला विक्रम आला. तो आल्या आल्या त्यांना दवाखान्यात घेऊन निघाला, आणि आक्कांनी मलाही माझी गाडी काढून मागोमाग यायला लावलं. काट्यावर चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या, हातातली पिशवी ठेवली, मग चष्माही काढून माझ्याकडे दिला. डॉक्टरांनी काटा बघितला, रिपोर्ट बघितला आणि हसले. वजन जागेवर आलं होतं, साखरही. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. "आवरणं बंद केलं," आक्का म्हणाल्या. डॉक्टरांना काही कळलं नाही. विक्रमनं मात्र परतीच्या वाटेत मेसबद्दल चकार शब्द काढला नाही. आक्का त्याच्या गाडीवर मागं बसून जीव मुठीत धरून होत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

दुपारी आक्कांनी रोजच्यासारख्या सगळ्या भाकऱ्या थापून दुरडीत झाकल्या आणि पंगतीत येऊन बसल्या. विक्रम दारात उभा राहून हे बघत होता. आपली आई पोरांच्या मधोमध ताट घेऊन बसलीय, हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तो आत गेला. पिठाचा डबा वाजला, तवा वाजला. लष्करात त्याची लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, ड्यूटी लागायची, हे आम्हाला तेव्हा कळलं. थोड्या वेळानं तो चिमट्यात भाकरी धरून आला आणि ती त्यानं आईच्या ताटात सोडली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला करपलेली, आणि वाफा निघत होत्या.

आक्कांनी ती मोडली. बोटं पोळली तरी सोडली नाही. एक घास खाल्ला, सावकाश चावला.

"तव्यावरनं थेट माझ्या ताटात आल्याली भाकरी," त्या म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं पैल्यांदा खातीया बग."

विक्रमनं मान खाली घातली. आक्कांनी पदरानं डोळे पुसले, उरलेली भाकरी उलटीसुलटी करून बघितली आणि आवाज पहिल्यासारखा चढवला.

"पर लय जाड थापलीस रं. असली वाढलीस तर पळून जात्याल माझी पोरं. सांच्याला बस माझ्याजवळ, शिकवती."

"शिकव," विक्रम म्हणाला. "तू दमलीस तर पोरांना कोण वाढणार?"