इटलीच्या पुतळ्याला धोतर

रत्नागिरीच्या शाळेत मी संस्कृत शिकवायचो. म्हणजे श्लोकात नायिकेची कंबर आली की दोन ओळी गाळून पुढे जायचो. एवढा मी सोज्वळ!

माझा एकुलता एक मित्र म्हणजे आमचा ड्रॉइंग मास्तर. एकटाच राहायचा. खोलीत देवघर, आणि शेजारच्या भिंतीवर इटलीतल्या एका जुन्या शिल्पकाराच्या पुतळ्याचं चित्र. उभा तरुण, अंगावर सूत नाही. एकदा चहा पिता पिता म्हणाला, "या शिल्पकाराने लग्न केलं नाही. एका तरुणावर जीव जडला, त्याच्यावर कविता लिहिल्या. देवाला तर इतका भ्यायचा! तरी देह घडवायचं सोडलं नाही. देवानेच दिलाय म्हणे." बोलता बोलता त्याचा आवाज उतरला. तो कुणाबद्दल बोलतोय ते मला कळलं.

कळलं, म्हणून तर दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी त्याची हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

ती नक्कल फिरत फिरत शाळेच्या कमिटीच्या कानावर गेली. श्रावणात कमिटीने त्याला बोलावलं, आणि साक्षीला मला. नोकरी ठेवायची की काढायची, एवढंच ठरायचं होतं. कमिटीत कोण? शिमग्यात होळीभोवती अचकटविचकट बोंबलून घसा बसवून घेणारे आमचे सभ्य गृहस्थ!

अध्यक्षांनी विचारलं, "त्या शिल्पकाराचं लग्न झालं होतं?"

"नाही."

"तुमचं?"

"नाही."

झाली चौकशी. मग माझ्याकडे वळले. "काय हो शास्त्रीबुवा, हे सगळं तुम्हाला कौतुकाने सांगत होते ना?"

"छे हो, काहीतरीच!" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "चित्राला धोतर रंगवून टाकू, म्हणजे मिटेल." काय ती अक्कल!

मास्तर हसला. "त्या शिल्पकाराच्या चित्रांनाही लोकांनी अशीच वस्त्रं नेसवली होती. मी नाही नेसवणार." आठवड्यात त्याला काढलं.

आता गंमत ऐका. या सगळ्या गृहस्थांच्या गणपतींचे डोळे दरवर्षी तोच लिहायचा. मूर्तिकाराच्या पडवीत, बारीक कुंचल्याने, आंघोळ करून, उपाशीपोटी आणि फुकट. त्या वर्षी कमिटीचे गणपती चकणे बसले. अध्यक्षांचा तर थेट माजघराच्या दाराकडे बघत होता.

आमचा तेवढा नीट होता. कोल्हापूरच्या मोटारीत बसण्याआधी मास्तर मूर्तिकाराकडे जाऊन एकाच मूर्तीचे डोळे लिहून गेला होता. माझ्या घरच्या. शांत, मायाळू, समोरच्याकडे बघणारे.

दीड दिवस मी आरतीला मान खाली घालून उभा होतो. बायको म्हणाली, "अहो, वर बघा की!"

नाही बघवलं.