अर्धं कूलंट, अर्धं पाणी

सौदीतल्या तबूकच्या आमच्या वर्कशॉपचा फोरमन रत्नागिरीकडचाच, माझ्या गावापासून एका खाडीपलीकडचा. म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. अजूनही म्हणतो, पण दातओठ खाऊन.

त्याची सगळी नोकरी आधी कतीफला, समुद्राकाठच्या उकाड्यात झालेली. आम्हा कोकणातल्या माणसांना पाणी गोठतं ते फ्रीजमध्येच ठाऊक. "सौदीत कसली थंडी?" म्हणत त्याने डोंगरावरच्या साइटच्या जनरेटरमध्ये, न गोठणाऱ्या कूलंटऐवजी, नुसतं नळाचं पाणी भरलं. हिवाळ्यात ते गोठून फुगलं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला. कफीलसमोर, म्हणजे आमच्या अरब मालकासमोर, या गृहस्थाने बेधडक माझं नाव घेतलं. तिकडे आई अंथरुणाला खिळलेली, माझी सुट्टी मंजूर झालेली. ती रद्द झाली. आई गेली. तिच्या मातीलाही मी नव्हतो. तेव्हापासून मी डूख धरून होतो.

पुढच्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडलं. बायकोमुलांना ते दाखवायचं म्हणून त्याने स्वतःची गाडी कूलंट बदलायला माझ्याकडेच आणली. दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता.

मी जुनं सगळं काढून टाकलं, कारण हिरव्या कूलंटमध्ये लाल मिसळलं की आत गाळ धरतो. मग अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर कालवून भरलं. नुसतं कूलंट ओतलं तर ते उलट लवकर गोठतं. काम चोख केलं. इंजिनाने माझं काय वाकडं केलं होतं?

वर पोचताच त्याने ग्रुपवर बर्फाचा फोटो टाकला. मी लगेच फोन लावला.

"भाऊ, गाडीत नुसतं पाणी आहे हां. सौदीत कसली थंडी!"

त्याने शिव्यांची लाखोली वाहिली. पाणी गोठेल म्हणून इंजिन बंद करायची हिंमत होईना. मुलांनी बर्फाला जेमतेम हात लावला होता, तोच त्यांना गाडीत कोंबून तो माघारी फिरला. मुलांबद्दल थोडं वाईट वाटलं. त्याच्याबद्दल अजिबात नाही.

तो थेट वर्कशॉपवर आला. इंजिन निवल्यावर मी झाकण उघडून, टेस्टर लावून त्याला दाखवलं. मिश्रण अगदी बरोबर होतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"घाबरवलंस की रे! पोरं रडून रडून झोपली. जाऊ दे, पुढच्या जुम्म्याला परत नेईन."

"न्या भाऊ," मी म्हटलं. "बर्फ थांबतं तेवढं. माझी आई नाही थांबली."