दादाचा करडा रंग

काळापांढरा फोटो छापायला काळी शाई पुरते, असं मला वाटायचं. दादाला जाऊन वर्ष होत आलं, म्हणून घरच्या इंकजेट प्रिंटरवर त्याचा जुना फोटो छापायला बसलो, तेव्हा कळलं की करडा रंग दोन वाटांनी येतो. नुसत्या काळ्या शाईने छापला तर रंग तांबूस किंवा हिरवट असा कुठे झुकत नाही, पण गालावर बारीक ठिपके दिसतात. सगळ्या रंगांच्या शाया मिसळून छापला तर चेहरा मऊ येतो. मात्र उजेड बदलला की तो करडाही बदलतो.

दोन्ही प्रिंट वहिनींपुढे ठेवले. त्यांनी मऊ चेहऱ्याचा उचलून खिडकीशी नेला. उन्हात दादा किंचित तांबूस, तजेलदार दिसत होता. मग तो ट्यूबलाइटखाली धरला, आणि गालांवर हिरवट छटा उतरली.

मी ओशाळलो. “वहिनी, हा नको. दुसरा कुठेही लावा, सारखाच दिसेल.”

सारखं दिसणं हा फोटोचा गुण खरा. पण जित्या माणसाचा चेहरा कधी दिवसभर सारखा राहिलाय?

“हाच राहू द्या, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “सकाळी कामावर जाताना हे असेच टवटवीत असायचे. आणि संध्याकाळी याच ट्यूबखाली येऊन बसले, की चेहरा असाच उतरलेला.”

त्यांनी फोटो ट्यूबखालच्या भिंतीला टेकवून ठेवला, थोडा वेळ पाहिला, आणि हात लांबवून ट्यूब बंद केली. खिडकीतल्या उजेडात दादाचा चेहरा पुन्हा खुलला.